स्टेलारिस: हजार ताऱ्यांचं राज्य आणि एकही सरदार नाही

शनिवारपेठी (धागाकर्ता)

सहा वर्षं स्टेलारिस खेळतोय. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने ९ मे २०१६ ला आणलेला हा अंतराळ-साम्राज्याचा गेम. इसवी सन २२०० ला सुरुवात होते. हातात एक ग्रह, मोजकी जहाजं आणि सभोवती न पाहिलेली आकाशगंगा. काळ आपोआप पुढे सरकत असतो, स्पेसबार दाबला की थांबतो. नकाशा दोनशे ताऱ्यांचा घ्या नाहीतर हजारांचा. आपली प्रजा कशी हे आपणच ठरवायचं: लढाऊ की शांतताप्रिय, परक्यांना जवळ करणारी की दूर ठेवणारी, सगळ्यांचं एकच मन असलेली, किंवा नुसती यंत्रं.

पहिल्या शंभर वर्षांत हा गेम जो आनंद देतो तो मला दुसऱ्या कुठल्याही गेमने दिलेला नाही. सायन्स शिप, म्हणजे शोध घेणारं जहाज, एखाद्या ताऱ्याकडे पाठवायची आणि वाट बघायची. कुठे संपून गेलेल्या संस्कृतीचे अवशेष निघतात, कुठे असं काहीतरी निघतं की हात लावावा की नाही हेच कळत नाही. एका खेळात कृष्णविवराजवळ एक संदेश मिळाला. मी त्याच्या मागे लागलो, एकेक टप्पा ऐकत गेलो, आणि शेवटी माझ्या स्वतःच्या ग्रहमालेचा सूर्यच कृष्णविवर झाला. रात्रीचे दोन वाजले होते आणि मला झोप येईना. लिहिणाऱ्याने काय लिहिलंय!

माझी तक्रार त्यानंतरची आहे. राज्य पसरलं की माझं स्वतःचं राज्य मला आरपार दिसतं, आणि ते मी सांगेन ते निमूट ऐकतं. नकाशाच्या दुसऱ्या टोकाच्या ग्रहावर किती जण बिनकामाचे आहेत हे मला त्याच क्षणी समजतं. तिथे कारखाना काढा म्हटलं की कामाला सुरुवात. माझे सेनापती म्हातारे होतात, मरतात, पण त्यांच्यापैकी एखादा फौज घेऊन रुसून बसला असं माझ्या एकाही खेळात झालं नाही.

पुण्यात राहणाऱ्याला हे जास्तच खुपतं. या शहरातून राज्य चाललं ते जासुदाच्या घोड्याच्या वेगाने. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं ते नानासाहेबांना त्या दिवशी कळलं नाही. ते उत्तरेच्या वाटेवर होते, आणि दोन मोती गळाल्याची बातमी एका व्यापारी पत्रातून, बरेच दिवस उलटल्यावर हातात पडली. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले या प्रत्येकाचा आपला मुलूख, आपली फौज, आपला मान. राज्य वाढलं म्हणजे ही माणसं वाढली, आणि त्यांना सांभाळणं हेच पुण्याचं निम्मं काम होऊन बसलं. स्टेलारिसमध्ये राज्य वाढतं तेव्हा फक्त आकडे वाढतात. साम्राज्याच्या गेममधली ही माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव. तुम्हाला काय वाटतं?

घाटवाट

अर्धं पटलं. पण मोठेपणाचा भार गेममध्ये नाही असं म्हणता येणार नाही. राज्याचा आकार वाढला की संशोधन महागतं, परंपरा (राज्याला कायमचे फायदे देणारी धोरणं) महागतात. आणि नकाशा तर फारच विचार करून बांधलाय. सुरुवातीला प्रवासाच्या तीन पद्धती होत्या, त्यांतल्या एकीने शत्रू सरहद्द टाळून थेट आत घुसायचा. फेब्रुवारी २०१८ ला गेमची २.० आवृत्ती आली, फक्त हायपरलेन, म्हणजे ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरावीक वाटा, उरल्या, आणि त्या दिवसापासून तारे म्हणजे घाट झाले. बोरघाटावर नजर ठेवायला लोहगड-विसापूर जिथे आहेत तिथेच का आहेत हे ज्याला कळतं, त्याला स्टारबेस (ताऱ्याजवळचं लष्करी ठाणं) कुठे बांधायचा ते शिकवावं लागत नाही. हे बलस्थान तुमच्या लेखात यायला हवं होतं.

स्पेसबार

मला ती जुनी मोकळीक आवडायची. आता प्रत्येक लढाई दोन-तीन खिंडींतच होते. खिंड धरली की वीस वर्षं निश्चिंत. त्यात डावपेच कुठला?

घाटवाट

@स्पेसबार, खिंडीत अडवलं की शत्रू दुसरी वाट शोधतो, नाहीतर शेजाऱ्याशी करार करून त्याच्या हद्दीतून येतो. मोकळ्या नकाशावर दोन्ही बाजू सगळी जहाजं एका ठिकाणी गोळा करून एकमेकांवर सोडायच्या. ते तरी काय मोठे डावपेच होते?

रुमाल

धागाकर्त्याशी मुळातच मतभेद आहे. "फक्त आकडे वाढतात" यातला 'फक्त' मला मान्य नाही.

माझा थोडाफार संबंध मोडी कागदांशी येतो. पेशवे दफ्तरात रुमालांमागून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, आणि त्यांत तलवारी कमी, हिशेब जास्त. कुठल्या परगण्याचा वसूल किती, कोणाच्या पागेला किती दिले, दाणा-वैरण, नेमणुका, बाकी. राज्य त्या कागदांवर उभं होतं. पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेबांची पत्रं वाचा, पैशाची आणि रसदेची चणचण पानोपानी आहे.

स्टेलारिसने हे ओळखलंय. खनिजापासून अलॉय (मिश्रधातू), अलॉयपासून जहाज. त्याच खनिजातून लोकांच्या वापराच्या वस्तू, आणि त्या वस्तूंवर जगणारे शास्त्रज्ञ. प्रयोगशाळा वाढवल्या की वस्तू कमी पडतात, वस्तू वाढवल्या की अलॉय कमी पडतं, आणि नेमकं तेव्हाच शेजारी युद्ध पुकारतो. ही ओढाताण म्हणजेच राज्यकारभार. दहा वर्षं आधी केलेली चूक लढाईच्या दिवशी समोर येते. हे दाखवणारे गेम फार थोडे आहेत.

शनिवारपेठी (धागाकर्ता)

@रुमाल, तुम्ही माझाच मुद्दा पुढे नेलात असं मला वाटतं. त्या रुमालांमधले आकडे खरे होते का? कमाविसदाराने, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने, कळवलेला वसूल आणि रयतेकडून घेतलेला वसूल यात फरक असायचा, म्हणूनच तर दफ्तर ठेवावं लागायचं, तपासणीला माणूस धाडावा लागायचा. गेममध्ये माझ्या खजिन्याचा आकडा कधीच खोटा नसतो. ओढाताण आहे, हे मान्य. पण ती गणिताची आहे, माणसांशी नाही.

रुमाल

हं. खोटा हिशेब हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. यावर विचार करतो.

कर्वेनगरची

तुम्ही सगळे दोनशे वर्षं पुढे गेला आहात, मी २२२५ च्या पलीकडे पोचलेलेच नाही. नवीन माणसाच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवं.

दोन महिन्यांपूर्वी भावाने घेऊन दिला. पहिल्या खेळात मी रुमाल म्हणतात तेच केलं, विज्ञान आवडतं म्हणून सगळीकडे प्रयोगशाळा बांधल्या. लोकांच्या वापराच्या वस्तू संपल्या, प्रजा नाराज, स्थैर्य खाली. चूक कुठे झाली ते स्क्रीनवर लिहिलेलं होतं, पण एका चौकटीत दुसरी चौकट, तिच्यात तिसरी. प्रत्येक शब्दावर माउस नेला की नवे चार शब्द.

त्याहून वाईट म्हणजे शिकायला गेलं तर शिकवणी जुनी. एका व्हिडिओत ग्रहावर चौकोनी घरं होती, त्यांवर एकेक माणूस ठेवायचा. अर्धा तास शोधलं, माझ्या गेममध्ये ते घर सापडेना. मग कळलं की ती पद्धत डिसेंबर २०१८ लाच गेली. दुसरा लेख चांगला वाटला, तो मे २०२५ च्या ४.० आवृत्तीच्या आधीचा निघाला, त्यातले लोकसंख्येचे आकडेच जुळेनात. एखाद्या खेळाचे नियम दर काही वर्षांनी मुळापासून बदलत असतील तर जुनं पुस्तक हातात घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने काय करायचं? जाणत्यांना तो गेमचा जिवंतपणा वाटतो. मला तो दारातला अडथळा वाटला.

आणि तरीही सोडवत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या सायन्स शिपला एक प्राचीन मोडकं अवकाशस्थानक सापडलं. मी आईला हाक मारून दाखवलं. तिने ते सगळं वाचून घेतलं माझ्याकडून, मराठीत सांगायला लावून.

स्पेसबार

@कर्वेनगरची, व्हिडिओची तारीख ४.० नंतरची आहे की नाही तेवढी बघत जा. पहिल्या वर्षांत अलॉय आणि वापराच्या वस्तू दोन्हींचा मासिक आकडा शून्याखाली जाऊ द्यायचा नाही, आणि सायन्स शिप एकाच्या तीन करायच्या. बाकी चौकट उघडलीच नाही तरी चालतं. आणि एखादी जुनी पद्धतच आवडली तर स्टीमवर (गेम विकत मिळतो ते ऑनलाइन दुकान) गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये मागच्या आवृत्त्या निवडता येतात.

कर्वेनगरची

हे कुठेच वाचलं नव्हतं. मनापासून आभार.

हिंजवडी_रात्रपाळी

सॉफ्टवेअरवाल्याची बाजू मांडतो. धागाकर्त्याला हवंय तसं, म्हणजे बातमी उशिरा पोचणं आणि हिशेब खोटा असणं, याची किंमत प्रोसेसरला भरावी लागते. खऱ्या स्थितीबरोबर राजाला माहीत असलेली स्थितीही साठवायची, तीही प्रत्येक साम्राज्यासाठी. हा गेम आधीच वजनाने वाकलेला आहे. प्रजेतल्या प्रत्येक घटकासाठी कुठलं काम योग्य याचा हिशेब वेगळा व्हायचा, आणि २४०० च्या पुढे असे हजारो घटक. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक महिना सरकायला इतका वेळ लागायचा की मधे चहा होऊन यायचा. ४.० मध्ये सारख्या लोकांचे गट करून हिशेब गटाचा केला, तो याच ओझ्यापायी. पहिले काही आठवडे चुका खूप होत्या आणि दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या आल्या, पण दिशा बरोबर होती असं माझं ठाम मत आहे.

शिवाय धुकं गेममध्ये अजिबात नाही असंही नाही. एप्रिल २०२१ च्या ३.० पासून दुसऱ्या साम्राज्यांची माहिती हेरांशिवाय, दूतांशिवाय नीट मिळत नाही.

शनिवारपेठी (धागाकर्ता)

अगदी बरोबर, *दुसऱ्यांची*. शत्रूच्या घरात धुकं आणि माझ्या घरात लख्ख उजेड. राज्यं बुडाली ती बहुतेक वेळा उलट कारणाने बुडाली.

हिंजवडी_रात्रपाळी

तसा गेम खेळायला कोणाला आवडेल? राघोबादादा हाताशी देऊन वर त्यांचा हिशेबही खोटा दाखवणार. मी दिवसभर ऑफिसात खोटे रिपोर्ट वाचतो, घरी येऊन मला एक जग हवंय ज्यात कळ दाबली की काम होतं. हे मी मनापासून सांगतोय. हजार तारे माझं ऐकतात याचं सुख लहान नाही.

मुठेकाठी

डीएलसीबद्दल, म्हणजे वेगळ्या विकत घ्याव्या लागणाऱ्या जोड-पॅकांबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून. नुसता मूळ गेम घेतला तर चित्र अपुरं, आणि सगळी जोड-पॅकं घ्यायची तर महिन्याचा किराणा. सवलतीत मूळ गेम घ्या, पन्नास तास खेळा, मगच पुढचं. मित्रांबरोबर खेळताना यजमानाकडे असलेली मोठी एक्सपान्शन्स बाकीच्यांनाही त्या खेळापुरती मिळतात, आमच्या पाच जणांत एकानेच घेतली आहेत.

मुळशीकर

उशिरा आलो, पण धागाकर्त्याने गेमचा एक कोपरा पाहिलेलाच दिसत नाही. मे २०२२ चं ओव्हरलॉर्ड हे जोड-पॅक खेळलात का?

त्यात मांडलिकांशी कलमवार करारनामा करायचा असतो. किती टक्के खंडणी, युद्धात सोबत यायचं की नाही, स्वतःहून विस्तार करायची मोकळीक आहे की नाही. प्रत्येक कलमाने त्यांची निष्ठा वर-खाली होते. निष्ठा घसरली की मांडलिक तुमच्या शत्रूशी गुप्तपणे इमान बांधतो आणि युद्ध पेटलं की त्याच्या बाजूला जातो. तुम्हाला होळकर हवेत ना? मग सगळे ग्रह पोटाशी धरून का बसता? मुलूख तोडून मांडलिक करा, त्यांना फौज ठेवू द्या, आणि मग बघा आकडे माणसांसारखे वागतात का. तुम्ही सहा वर्षं दिल्लीच्या बादशहासारखे खेळलात आणि गेममध्ये पुणं नाही म्हणताय.

शनिवारपेठी (धागाकर्ता)

@मुळशीकर, ओव्हरलॉर्ड आहे माझ्याकडे. दोन मांडलिक केले होते, पण निष्ठेचा आकडा कोपऱ्यात छापलेला असतो. तो खाली गेला की मी एक कलम सैल करायचो, वर यायचा. महादजींच्या मनात काय आहे ते नाना फडणवीसांना असं कोपऱ्यात छापून मिळत नव्हतं. तरी तुमचा मूळ मुद्दा मानतो. मी सगळं स्वतःकडे ठेवून खेळत आलो, आणि त्या पद्धतीने सरदार दिसणारच नव्हते. हे माझ्या तक्रारीत लिहायचं राहिलं.

मुळशीकर

मग आकडा न छापलेला मांडलिक घ्या. म्हणजे माणूस. आमचा गट दर शनिवारी रात्री दहाला बसतो, चारशे ताऱ्यांचा नकाशा, एक जागा रिकामी आहे. तुम्ही अधिराज, आम्ही तिघं सरदार. खंडणी तुम्ही ठरवा.

मुठेकाठी

मी होळकर!

रुमाल

मला जमलं तर फक्त बघायला येईन. आणि एक विनंती: खजिन्याचे आकडे एकमेकांना दाखवू नका, दर दहा वर्षांनी पत्र लिहून कळवा. खरं लिहायचं की खोटं ते लिहिणाऱ्यावर.

शनिवारपेठी (धागाकर्ता)

ठरलं, येत्या शनिवारी. खंडणी तीस टक्के, स्वतंत्र विस्ताराची पूर्ण मोकळीक, आणि रुमाल म्हणतात तसा पत्रव्यवहार. पहिलं पत्र २२१० ला. @कर्वेनगरची, तुम्हीही या. एक सायन्स शिप तुमच्या हवाली, सापडेल ते आधी आम्हाला मराठीत सांगायचं.

कर्वेनगरची

येते. आईलाही जागं ठेवते.