मदत हवी आहे : ओहोळावर लहान जलविद्युत संच बसवण्याबाबत

जांबोटीचा_शेतकरी : आमच्या बागेतून ओहोळ वाहतो. पावसाळ्यात वादळाने वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून घरापुरता संच बसवायचा आहे. कोणते टर्बाइन घ्यावे आणि परवानगी लागते का, हे कृपया लवकर सांगावे. पाऊस तोंडावर आला आहे.

निवृत्त_अभियंता : पाणी किती उंचीवरून पडते आणि सेकंदाला किती लिटर वाहते, हे सांगितल्याशिवाय टर्बाइन सुचवता येणार नाही. २० मीटर उंची आणि सेकंदाला १० लिटर पाणी असेल, तर ५० टक्के कार्यक्षमता धरून साधारण एक किलोवॉट वीज मिळते. एवढ्यासाठी साधा पंप उलटा फिरवूनही काम भागते.

सूर्यघर : या खटाटोपापेक्षा छतावर सौर पॅनेल आणि बॅटरी बसवा. माझ्याकडे उत्तम चालते.

कणकुंबीकर : आपण बेळगाव शहराच्या पूर्वेकडे, कमी पावसाच्या भागात राहत असाल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते व ओहोळही तेव्हाच भरलेला असतो.

सूर्यघर : आणि उन्हाळ्यात ओहोळ आटल्यावर काय करायचे?

घटप्रभाकाठ : गोकाकच्या धबधब्यावर फार पूर्वीच वीजनिर्मिती सुरू झाली होती, तेव्हा आपल्या जिल्ह्याला हे तंत्र नवे नाही.

जांबोटीचा_शेतकरी : उंची पंधरा मीटर असेल. पाणी शिमग्यापर्यंत टिकते. बंधारा वरच्या अंगाला, रानाच्या हद्दीजवळ घालायचा विचार आहे. टर्बाइनचे नाव मिळाले तर बरे होईल.

कणकुंबीकर : हद्दीजवळ की हद्दीत? वनजमीन असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राची मान्यता लागते, आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर हा विचारच सोडावा. २५ मेगावॉटखालच्या जलविद्युत प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागत नाही, परंतु त्यावरून नुकसान होत नाही असा अर्थ काढू नये. बंधाऱ्यापासून पाणी पाइपात गेले की ते पुन्हा ओहोळात मिळेपर्यंतचा मधला पट्टा कोरडा पडतो. खेकडे, बेडूक, मासे तिथेच मरतात. शिवाय पहिल्या पावसात चढणीचे मासे वर जातात, त्यांना बंधारा आडवा येतो. पश्चिम घाटासाठी केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये तिथल्या जलविद्युत प्रकल्पांसाठी टंचाईच्या काळातील प्रवाहापैकी किमान ३० टक्के पाणी अखंड वाहते ठेवण्याची अट सुचवली होती. ती मोठ्या प्रकल्पांना डोळ्यांसमोर ठेवून होती, तरी घरगुती संचालाही तोच हिशेब लावावा असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त_अभियंता : सहमत. पक्का बंधारा घालूच नका. काठालगत जाळी लावून पाइपाचे तोंड ठेवा, म्हणजे मुख्य प्रवाह मोकळा राहील. बंधारा आणि संच यांच्यामध्ये कोणाचा पाणवठा आहे का?

जांबोटीचा_शेतकरी : आहे. खालच्या वाडीची गुरे तिथेच पाणी पितात.

निवृत्त_अभियंता : मग आधी वाडीतल्या लोकांशी बोला. दिवाळीनंतर पाणी उतरू लागले की संच बंद ठेवायचा, असे ठरले तर वाद होणार नाही. ओहोळाचा प्रवाह बादली आणि घड्याळ घेऊन, पहिल्या पावसाने पाणी वाहू लागल्यावर एकदा व पाऊस स्थिरावल्यावर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे इथे लिहा. टर्बाइनचे त्यानंतर सांगतो.