तलाव आटला की झाकला गेला?

भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव उपग्रहाच्या चित्रांत दरवर्षी लहान होत चाललेत, म्हणजे अतिक्रमण झालंच, असं काही जण म्हणतात. एवढ्या घाईनं तसं म्हणू नका. पाणी जवळचे अवरक्त (निअर-इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारे) किरण शोषून घेतं, हिरवा पाला ते परत फेकतो. चित्रातलं पाणी ओळखणारा पाण्याचा निर्देशांक याच फरकावर चालतो. आमच्याकडे तलावांच्या काठानं बेशरम ही झुडपी वनस्पती माजलीय. तिच्याखाली गुडघाभर पाणी असलं तरी चित्रात तिथं झाडोराच दिसतो. उलट रोवणीच्या दिवसांत चिखलणी झालेल्या बांध्याही (धानाची शेतं) पाणी म्हणून मोजल्या जातात.

तुलना करायची तर दरवर्षीचा डिसेंबर घ्या, आभाळ मोकळं असतं आणि धान बहुतेक कापलेला. सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटरची (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) चित्रं २०१५ पासूनची फुकट मिळतात. त्याआधीचं १९८४ पासूनचं लँडसॅट उपग्रहांचं चित्र ३० मीटरचं, त्यात लहानशी बोडी (छोटं तळं) चार-सहा ठिपक्यांत संपते. पावसाळ्यातलंच हवं असेल तर ढगांपलीकडे पाहणारं सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार.

आणि नकाशा आधी गावातल्या ढिवर (मासेमार) बांधवांना दाखवा. बेशरम कुठवर, गाळ कुठवर, हे ते पाळीवर (तलावाच्या बांधावर) उभे राहून सांगतील. अतिक्रमणाची तक्रार त्यानंतर, सातबारा आणि जुना गावनकाशा जोडूनच करा.