मदत हवी आहे: आठवडी बाजाराच्या जागेवर गाळे बांधायचा ठराव झाला आहे, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पर्यायी आराखडा कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावचा. गाव मोठं आहे, पण अजून ग्रामपंचायतच आहे, नगरपंचायत झालेली नाही. आजूबाजूच्या खेड्यांचा बुधवारचा बाजार आमच्याकडे भरतो. त्या बाजाराच्या जागेबद्दल सल्ला हवा आहे. ग्रामपंचायतीचं कामकाज आतून पाहिलेल्यांनी आणि आपल्या विदर्भातल्या जुन्या जमीन-नोंदी कळणाऱ्यांनी जरूर लिहावं. वेळ थोडा आहे.

झालं असं की १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, रस्त्याच्या बाजूने बाजाराच्या मैदानावर व्यापारी गाळे बांधायचा ठराव मंजूर झाला. गाळे बांधायचे, लिलावाने भाड्याने द्यायचे आणि पंचायतीचं उत्पन्न वाढवायचं. विषयपत्रिकेवर हा विषय नव्हता, ऐनवेळच्या विषयांत आला. सभेला आलेले बरेच जण घरकुलाच्या यादीसाठी बसले होते. यादी वाचून झाली तसे उठले. उरलेल्यांत सूचक-अनुमोदक लिहिले गेले आणि पुढचा विषय सुरू झाला.

सरपंचांची बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली रडतखडत होते. नळयोजनेचं वीजबिल थकतं. वित्त आयोगाचा पैसा पगारावर आणि कार्यालयाच्या खर्चावर टाकता येत नाही. मग पंचायतीने हातचं उत्पन्न आणायचं कुठून? गावातल्या पोरांनाही दुकानाला जागा हवी आहे. माझा गाळ्यांना विरोध नाही, ते नेमके कुठे बांधताहेत त्याला आहे.

जागा डोळ्यासमोर आल्याशिवाय मुद्दा कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मैदान लांबट आहे. रस्त्याच्या कडेने जुन्या कडुनिंबांची रांग आहे आणि अख्ख्या बाजारात सावली म्हणाल तर तेवढीच. जमीनही तिथेच जरा उंच आणि मुरमाड आहे. भाजीवाल्या बाया या रांगेखाली बसतात. मागचं मैदान खोलगट, काळ्या मातीचं. एक चांगला पाऊस झाला की पाय घोट्यापर्यंत रुततो आणि पाणी निघायला वाट नाही. उन्हाळ्यात तिथे कपडेवाले, भांडेवाले दुकानं लावतात, पावसाळ्यात कोणी फिरकत नाही. गाळ्यांची आखणी बरोबर कडुनिंबाच्या रांगेवर आहे. म्हणजे झाडं जाणार, उंच जागा जाणार आणि बाया मागच्या चिखलात जाणार.

मागच्या बुधवारी एका मावशीशी बोललो. शेजारच्या खेड्यातून काळीपिवळीने येते. समोर पोतं अंथरलेलं, त्यावर सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या, मेथी, थोडी भेदरं (टोमॅटो). बैठकीची, म्हणजे बाजारात बसायच्या पट्टीची, पावती पदराच्या गाठीत बांधलेली. गाळ्यांचं तिच्या कानावर आलं होतं. म्हणाली, "मांगं बसलं तं गिऱ्हाईक काहून येईन जी? चिखलात कोन उतरते? अन् मी तुमच्या गावची नाई, मले कोन इचारते?"

तिचं हे शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही, कारण ते कायद्याच्या दृष्टीने खरं आहे. ग्रामसभा म्हणजे त्या पंचायतीच्या मतदारयादीतली माणसं. आमच्या बाजारात बसणाऱ्या बहुतेक बाया दुसऱ्या गावांच्या मतदार आहेत. बैठकी त्या आमच्या पंचायतीला देतात, पण आमच्या ग्रामसभेत त्यांना मत नाही. शहरात असतं तर २०१४ चा पथविक्रेता कायदा होता. त्यात नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले लागतात. तो कायदा नगरपंचायत, नगरपालिका, महापालिकेपुरता, आम्हाला लागत नाही. धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा गडचिरोलीच्या पेसा गावांत, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात, १९९६ च्या पेसा कायद्यानेच गावबाजाराचा कारभार ग्रामसभा आणि पंचायतीच्या हाती दिला आहे. आम्ही पेसातही नाही. गाव मोठं झालं तरी शहर नाही आणि अनुसूचित क्षेत्रही नाही, त्यामुळे बाजारात बसणाऱ्या बाईसाठी आमच्याकडे कोणतंच दार नाही.

आम्ही काही जण पर्यायी आराखडा करतो आहोत. मैदानाच्या पश्चिमेला पडका कोंडवाडा आहे, वापरात नाही. गाळे तिथे बसतात आणि तोंडही रस्त्याकडे ठेवता येतं. कडुनिंबाखाली ओटे, मागच्या खोलगट भागात मुरूम टाकून भर, कडेने नाली, पाण्याचा नळ आणि बायांसाठी संडास-मुतारी. सकाळी सहाला घरून निघालेली बाई संध्याकाळपर्यंत बाजारात बसते आणि तिला जायला जागा नाही, हे आजवर कोणत्याही आराखड्यात आलं नाही. माझ्या मते सगळ्या कामांत ते पहिलं व्हायला हवं.

आता माझे प्रश्न. ऐनवेळच्या विषयात झालेला असा ठराव पुढच्या ग्रामसभेत फेरविचाराला आणता येतो का, आणि अर्ज कोणाच्या नावे द्यावा? जागा नेमकी कोणाच्या मालकीची आहे हे कुठे पाहावं? म्हातारे सांगतात की बाजार मालगुजाराच्या (गावचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदाराच्या) काळापासून इथेच भरतो आणि बैठकी मालगुजाराकडे जायची. मालगुजारी गेली १९५१ मध्ये, त्यानंतर ही जागा पंचायतीच्या नावावर चढली की सरकारच्याच, ते गावात कोणाला सांगता येत नाही. आणि शेवटचं, बाहेरगावच्या विक्रेत्यांचं म्हणणं ग्रामसभेच्या कागदावर कसं आणावं? मत नसलं तरी म्हणणं तरी नोंदलं जावं, एवढी इच्छा आहे.

कोणी आपल्या गावात असं काही केलं असेल तर अनुभव लिहा. गावाचं आणि सरपंचांचं नाव मुद्दाम देत नाही. भांडण वाढवायचं नाही, काम व्हायला हवं.

प्रतिसाद (चंद्रपूरकडचा एक निवृत्त ग्रामविकास अधिकारी):

भाऊ, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ग्रामपंचायतीत भांडायच्या आधी तहसीलमध्ये जा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम २२ वाचा. चराई, स्मशान, गावठाण, खळवाडी अशा कामांसाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते आणि त्या यादीत बाजारही आहे. अशी राखलेली जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. तुमचा जिल्हा मालगुजारीचा, तेव्हा निस्तारपत्रक (गावच्या सरकारी पडीक जमिनीच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या जुन्या वहिवाटी-हक्कांची नोंद) या दोन्हींच्या नकला मागा. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला हे शब्द सांगून कळणार नाहीत, आपल्याकडे मात्र निम्म्या सार्वजनिक जागांचा उलगडा त्यातच होतो. सोबत सातबारा घ्या आणि गावठाणात ड्रोन मोजणी झाली असेल तर त्या जागेची मिळकत पत्रिकाही पाहा.

जागा पंचायतीचीच निघाली तरी विषय संपत नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा करायचा तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. गाळ्यासाठी अनामत भरणारा माणूस तीन वर्षांसाठी कशाला येईल? म्हणजे प्रस्ताव वर जाणारच. तो जाईल तेव्हा त्याला तुमची हरकत जोडलेली असली पाहिजे.

१५ ऑगस्टच्या सभेचं इतिवृत्त आणि हजेरीच्या सह्या माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण २ ऑक्टोबरच्या आत हवं असेल तर नुसतं निरीक्षण मागा, तो हक्कही त्याच कायद्यात आहे. गणपूर्ती पाहा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. तुमच्या गावाला १०० च लागू होईल. तेवढ्या सह्या नसतील आणि सभा तहकूब केल्याची नोंदही नसेल, तर फेरविचाराची मागणी वजनदार होते. अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या नावे द्या, पोच घ्या, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. सभेच्या नोटिशीआधी द्या, म्हणजे विषय पत्रिकेवर येईल. त्यांच्यासारखं ऐनवेळी आणलं तर तुमचाही ठराव तितकाच कच्चा राहील.

प्रतिसाद (अमरावती जिल्ह्यातली एक माजी उपसरपंच):

दादा, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. तुम्ही ती खरी होऊ द्या. बचत गटाच्या बायांना सांगा, संडासाचा आणि ओट्यांचा ठराव तिथून येऊ द्या. तुमच्या गावच्या बायाही त्या बाजारात भाजी घेतात, काही विकतात. त्यांनी मांडलं की "बाहेरच्यांसाठी कशाला" हा प्रश्न उरत नाही.

बाहेरगावच्या बायांसाठी आम्ही वेगळा मार्ग धरला होता. त्यांच्या त्यांच्या ग्रामपंचायतींचे ठराव घेतले. "आमच्या गावचे विक्रेते अमुक बाजारात बसतात, जागा बदलताना त्यांना विचारात घ्यावं" एवढाच मजकूर. ते ठराव आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवले आणि इतिवृत्ताला जोडले. मत मिळत नाही, पण नोंद होते, आणि पंचायत समितीत फाईल गेल्यावर ती दिसते.

पैशाचं सोपं आहे. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. तुमची नाली, नळ, संडास त्यात बसतात. ओटे उरलेल्या ४० टक्क्यांत घाला. या आयोगाचं २०२५-२६ हे शेवटचं वर्ष होतं, त्यामुळे शिल्लक किती उरली आहे ते ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींच्या हिशोबाच्या सरकारी पोर्टलवर) आधी पाहा. मनरेगाच्या कामांच्या यादीत ग्रामीण हाट (खेड्यातला बाजार) होता, फक्त मजुरी-साहित्याचं ६०-४० प्रमाण जमवावं लागायचं आणि मुरमाची भर त्याला बरी पडायची; आता काय लागू आहे ते आधी विचारून घ्या. आणि पुढच्या वर्षाच्या गावविकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासूनच सुरू होते, म्हणजे तुमचा दिवस बरोबर आहे. एक सांगते, सरपंचांना सभेत पहिल्यांदा कळू देऊ नका. आधी घरी जाऊन नकाशा दाखवा. कोंडवाड्याच्या जागेवर गाळे झाले तर उत्पन्न बुडत नाही, हे त्यांना आकड्यांत दिसू द्या.

मूळ लेखक:

काका, ताई, मनापासून आभार. निस्तारपत्रकाचा विचार आम्ही केलाच नव्हता. उद्याच तहसीलमध्ये नकलेचा अर्ज देतो आणि फेरविचाराचा अर्ज पंचायतीत पोच घेऊन टाकतो.

ताई, शेजारच्या पंचायतींचे ठराव घ्यायची युक्ती आम्हाला सगळ्यात उपयोगाची आहे. त्यांच्याही ग्रामसभा २ ऑक्टोबरलाच असल्याने त्याआधी ग्रामसभेचा ठराव मिळणार नाही. मासिक सभेचा ठराव चालतो का? तुम्ही कोणता घेतला होता ते कळवाल तर बरं होईल, आणि मजकुराची प्रत असेल तर नावं झाकून इथे टाका. बुधवारी कॉलेजची पोरं घेऊन बाजार भरलेला असताना टेपने माप घेणार आहोत. कोण कुठे बसतं, कोणत्या गावची, किती जागा लागते, सगळं एका कागदावर. त्या कागदावर विक्रेत्यांच्या सह्या-अंगठे घ्यावेत की नुसती यादी पुरे, हेही सांगा. आमच्यातले काही म्हणतात की सही घेतली तर बाया घाबरतील, बैठकी वाढेल असं त्यांना वाटेल.

आणि कोणी कनिष्ठ अभियंता किंवा निवृत्त ओव्हरसियर हे वाचत असेल तर, खोलगट काळ्या मातीवर मुरूम किती थराचा टाकावा आणि नालीचा उतार कसा काढावा, याचं ढोबळ अंदाजपत्रक कसं करतात तेवढं समजावून द्या. सरपंचांकडे जाताना हातात आकडा लागेल.