प्रति: नाव लपलं की माणूस बिघडतो?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की नाव-चेहरा लपला की माणसं ऑनलाइन उद्धट होतात. मला हे अर्धंच पटतं. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली दोन्ही बाजू मांडल्या होत्या: संकोच गळाला की शिवीगाळ वाढते, तसाच मनमोकळेपणा आणि परक्याला मदत करणंही.

फरक पडतो तो समोर कोण आहे याची जाणीव असण्यानं. ग्रुपवर वेळापत्रकाचा नुसता फोटो टाकला तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध व्यक्तीला बहुतेकदा काहीच कळत नाही. तिची आठवण असलेला माणूस वेळापत्रकातली प्रत्येक वेळ फोटोखाली टाइप करतो. २०१५मध्ये आलेल्या 'बी माय आइज' अ‍ॅपवर तर स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवरून अनोळखी अंध व्यक्तींना औषधाच्या बाटलीवरची मुदत वाचून दाखवतात. ना ओळख, ना मोबदला.

काळजीची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. आजारावरचे खोटे उपाय पुष्कळदा जिवाभावाची माणसंच पुढे पाठवतात, आपल्या माणसांचं भलं व्हावं म्हणून. अशांना ग्रुपवर सगळ्यांदेखत झापू नका. वेगळा मेसेज करून खरी माहिती द्या, तीही प्रेमानं.