बँकिंग अँड फायनान्स: मायनरला लॉ घेऊ, मार्केटिंग की डेटा?

सई_ऐरोली
नमस्कार. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात बँकिंग अँड फायनान्सच्या पहिल्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाच्या मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्हचा (ऐच्छिक विषयाचा) फॉर्म सोमवारपर्यंत भरायचाय. अकाउंटिंग आणि कॉस्टिंग सक्तीचं आहे. मायनरला बिझनेस लॉ, मार्केटिंग आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स असे पर्याय आहेत. सीनियर्स म्हणतात मार्केटिंग घे, मार्क चांगले पडतात. आई म्हणते, बँकेच्या परीक्षेला उपयोगी पडेल तेच घे. मला सरकारी बँकेत पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर व्हायचंय. कॉस्टिंगची मात्र धास्ती वाटते.

नौपाडा_काका
सई, परीक्षेचा आणि मायनरचा काही संबंध नाही, हे आईला आधी सांग. आयबीपीएसच्या पीओ परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसतो आणि पूर्वपरीक्षेत इंग्रजी, गणित, रीझनिंग एवढंच असतं. त्याची तयारी वेगळी करावीच लागते. विषय निवडायचा तो नोकरी लागल्यानंतर टेबलावर येणाऱ्या कागदांसाठी.

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात होतो, शेवटची वर्षं वाशीला. एपीएमसीतले व्यापारी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तपशील आणून द्यायचे. नवीन पोरं आली की मी त्यांच्यापुढे एक हिशेब ठेवायचो. गोदामात ४० लाखांचा माल आहे, त्यातल्या १० लाखांचे पैसे पुरवठादाराला अजून द्यायचे आहेत, मार्जिन, म्हणजे व्यापाऱ्याने स्वतः घालायचा वाटा, २५ टक्के. सीसीतून (मालाच्या तारणावरच्या कॅश क्रेडिट खात्यातून) किती उचलू द्यायचे? बहुतेक जण ४० वर मार्जिन कापून ३० लाख सांगायचे. अरे, ज्याचे पैसेच दिलेले नाहीत त्या मालावर बँक कर्ज कसं देईल? आधी १० वजा, मग उरलेल्या ३० वर मार्जिन, म्हणजे साडेबावीस लाख. मधले साडेसात लाख बुडाले तर ते ठेवीदारांचे बुडतात. हे सगळं तुझ्या सक्तीच्या अकाउंटिंगमध्येच आहे. रबाळ्याच्या एखाद्या कारखान्याची फाइल आली तर अर्धवट तयार मालाची किंमत कशी धरलीय, ते कॉस्टिंगशिवाय कळायचं नाही. म्हणून ज्याची धास्ती वाटते तो विषय काठावर पास होऊन सोडू नकोस.

मायनरला लॉ घे, डोळे झाकून. चेक परत आला की १८८१ च्या कायद्याचं कलम १३८ लागतं. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला समोरच्याला १५ दिवस. नोटिशीची मुदत हुकली की तक्रारीतला जीवच गेला. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं. मग तारण ताब्यात घेण्यासाठी २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस. या तारखा ज्याला मुखोद्गत, त्याला शाखेत मान असतो.

माइंडस्पेस_नाइटशिफ्ट
काकांशी सहमत, पण डेटाला इतकं बाजूला टाकू नका. मी ऐरोलीतच परदेशी बँकेच्या कर्जखात्यांचं काम बघतो. आमच्याकडे इंटरव्ह्यूला बसवून एक्सेल करायला लावतात, पिव्होट आणि लुकअप आलं नाही तर तिथूनच परत. बीकॉमची हुशार मुलं यातच अडकतात.

नौपाडा_काका
बरोबर आहे तुमचं, एक्सेल हवंच. पण ते सुट्टीत रोज तासभर बसून हाताला येतं, कायदा तसा येत नाही. तो कुणीतरी खटले सांगत शिकवावा लागतो. कॉलेजच्या कौशल्याच्या विषयांत एक्सेल असेल तर सईने तिथे ते घ्यावं.

सई_ऐरोली
काका, खूप आभार. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचं घ्यायचंय. आणि कॉस्टिंग कुठून सुरू करू?

नौपाडा_काका
सायन्सकडचं स्टॅटिस्टिक्स मिळालं तर घे, जोखीम मोजायला कामाला येईल. कॉस्टिंगमध्ये मटेरियलपासून सुरुवात कर. एकाच खरेदीचे आकडे घेऊन शिल्लक मालाची किंमत एकदा फिफोने (आधी आलेला माल आधी गेला असं धरून) काढ, एकदा वेटेड अ‍ॅव्हरेजने (भारित सरासरीने), आणि नफा किती बदलतो ते बघ. नोकरी लागल्यावर जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा देशील, तिच्या चार पेपरांत अकाउंटिंग अँड फायनान्शियल मॅनेजमेंटचा एक आहेच. आणि फॉर्म देण्याआधी ऑफिसात विचारून घे, मायनर पुढे बदलता येतो का. तोंडी सांगतील त्यावर जाऊ नकोस, नियम लेखी बघ.