दोन मुलं, घरात एक फोन आणि शाळेची इतकी ठिकाणं: तुम्ही कसं सांभाळता?

डोंबिवलीची_आई (३० ऑगस्ट २०२०)

गौरी-गणपती गुरुवारी गेले. उद्यापासून परत तास सुरू, आणि आज सकाळपासूनच माझ्या पोटात गोळा आलाय, म्हणून इथे विचारतेय.

मोठा मुलगा आठवीत, सेमी-इंग्रजीला. धाकटी तिसरीत, मराठी माध्यम. शाळा वेगवेगळ्या. मिस्टर एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहेत. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल सुरू झाली, तेव्हापासून ते पहाटेच निघतात आणि चांगला फोन त्यांच्याबरोबर जातो. घरी राहतो माझा, १६ जीबीचा, त्यात कायम जागा भरलेली.

मोठ्याचे तास गूगल मीटवर. गृहपाठ गूगल क्लासरूममध्ये. इंग्रजीचे सर झूमवर घेतात. त्याचा मोफत वर्ग ४० मिनिटांचा असतो, म्हणून पुढच्या भागाची लिंक व्हॉट्सॲपवर येते. चाचणी गूगल फॉर्मवर. त्यातच शाळेने आणखी एक ॲप घ्यायला लावलंय, सूचना आणि फीच्या पावत्या तिथे. धाकटीला आठवड्यातून तीनदा अर्धा तास मीट, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर, पण वर्गाचा गट वेगळा आणि गणिताचा वेगळा. शिवाय बाई दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ बघायला सांगतात. सगळे पासवर्ड मी मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत. मी घरी शिवणकाम करते, सध्या मास्क शिवते. मुलांचा तास चालू असला की मशीन बंद ठेवावी लागते, नाहीतर सगळ्या वर्गाला खडखडाट ऐकू जातो.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मोठ्याने सूक्ष्मजीवांच्या आकृत्या काढल्या. दोन संध्याकाळी बसून, रंगवून, नावं देऊन. मी फोटो काढून विज्ञानाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. ते टाकायचे होते क्लासरूममध्ये, आणि ते मला कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. त्याच्या नावापुढे काम दिलं नाही असं लाल अक्षरांत आलं. तो मला एका शब्दाने बोलला नाही. वही कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला बसलाच नाही. ते लाल अक्षर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

धाकटीच्या तासाला पडद्यावर माझं नाव दिसतं, कारण खातं माझं. बाई हजेरी घेताना माझं नाव वाचतात आणि ती रोज सांगते, "बाई, ती आई आहे, मी इथे आहे."

मुलं अभ्यास करतात, ते मी बघते. दिवस जातो तो कुठे काय आलंय ते शोधण्यात. ज्यांच्या घरी दोन-तीन मुलं आहेत त्यांनी सांगा, रोजचं कसं लावता? आणि शाळेशी बोलावं का? बोललं तर राग मुलांवर निघेल, अशी भीती वाटते.

कोथरूडचा_बाबा (३० ऑगस्ट २०२०)

ताई, नावाचं आधी करा. तुमच्याच देखरेखीखाली दुसरं गूगल खातं उघडून त्याला मुलीचं नाव द्या. मीट किंवा क्लासरूममध्ये वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतं, त्यावर बोट ठेवलं की खातं बदलता येतं. तिघांच्या खात्यांना तीन वेगवेगळी चित्रं लावा. आमच्याकडे थोरलीला आंबा आणि धाकट्याला रेल्वे आहे, सकाळच्या घाईत चूक होत नाही.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याला वाचता येत नसेल तर त्याच्या खाली सहा अक्षरांचा-आकड्यांचा कोड छापलेला असतो, तो दीक्षावर टाईप करा, धडा उघडतो. व्हिडिओ उतरवूनही ठेवता येतात, मग नेट नसलं तरी चालतात. मिस्टर रात्री घरी आले की त्यांच्या फोनवर उतरवा आणि तिथेच दाखवा, तुमच्या फोनची जागा वाचेल. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणंही बंद करून टाका. गटावरच्या शुभेच्छाच निम्मी जागा खातात.

सातारकर_बाई (३१ ऑगस्ट २०२०)

मी अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, कारण आमच्या वर्गातल्या आया हेच सोसत असणार.

इकडची बाजू सांगते. माझ्या आठवीत ४६ मुलं. मीटवर येतात १९. उरलेल्यांसाठी तोच धडा रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकते. सहा जणांच्या घरी स्मार्टफोनच नाही, त्यांना संध्याकाळी फोन करून उदाहरणं सांगते. तपासलेलं एका जागी राहावं म्हणून क्लासरूम आलं. वर अहवाल पाठवायला रोजचे स्क्रीनशॉट लागतात. म्हणजे प्रत्येक नवीन जागा कुणीतरी मागे राहू नये म्हणूनच सुरू झाली, पण सगळ्या मिळून एका घरावर किती ओझं पडतं हे आम्ही कुणीच मोजलं नाही. इंग्रजीच्या सरांनी किती गृहपाठ दिलाय ते मला मुलांकडून कळतं, इतकी आमची आपापसांत फारकत आहे.

जुलैत ११ पालकांनी मिळून आम्हाला एक पत्र दिलं. भाषा साधी, राग नाही: उद्याचं सगळं काम रोज एका वेळी, एका गटावर, फक्त वर्गशिक्षकांनी टाकावं. आम्ही ते मान्य केलं. आता संध्याकाळी सातला एकच संदेश जातो, त्यात सगळे विषय आणि काय कुठे पाठवायचं ते. पहिला आठवडा आम्हालाच जड गेला, कारण साडेसहाच्या आत सगळ्यांना ठरवावं लागतं.

तुम्हीही एकट्या जाऊ नका, पाच-दहा जणी मिळून लिहा. एकत्र पत्र आलं की कुणा एका मुलाकडे बोट जात नाही. सोबत केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या जुलैतल्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना जोडा. पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं, असं त्यात स्पष्ट आहे. तुमच्या मोठ्याचे त्याहून जास्त होत असतील तर तेही विचारा.

आणि त्या आकृत्या आजच क्लासरूममध्ये टाका. मुदत गेली तरी काम पाठवता येतं आणि शिक्षकाला ते तपासून गुण देता येतात. लाल अक्षर कायमचं नसतं, हे मुलाला आवर्जून सांगा.

श्रीवर्धनहून (१ सप्टेंबर २०२०)

३ जूनच्या निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत कित्येक आठवडे वीज नव्हती, नेटवर्क त्याहून उशिरा आलं. गुरुजी कामाचे कागद हातात आणून देत, पडवीत बसून तपासत. अजूनही आमचा भर त्यावरच. धाकटीला दूरदर्शन सह्याद्रीवरची 'टिलीमिली' दाखवा. २० जुलैपासून लागते, पहिली ते आठवी, बालभारतीच्याच पुस्तकांवर. त्याला पासवर्ड लागत नाही आणि तेवढा वेळ फोन मोठ्याला मिळतो.

डोंबिवलीची_आई (२० सप्टेंबर २०२०)

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद, आणि मग काय झालं ते सांगते.

मोठ्याच्या वर्गातल्या आम्ही नऊ जणींनी पत्र दिलं. मजकूर सातारकर बाईंचाच, फक्त वेळ सहाची घातली. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी वर्गशिक्षिकेचा फोन आला. त्या म्हणाल्या, आम्हालाही हे हवंच होतं, कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे होतं. इंग्रजीचे सर आता मीटवरच घेतात. ते फीचं ॲप राहिलंय, पण सूचना गटावरही येतात, म्हणून मी ते रोज उघडत नाही. तास मात्र अजूनही दिवसाला चार होतात, ते कमी करण्याबद्दल पुढच्या महिन्यात बोलू म्हणालेत. मी विसरणार नाही.

आकृत्या टाकल्या. मॅडमनी दोन दिवसांत तपासल्या, दहापैकी नऊ, आणि खाली लिहिलं की अमिबा फार नीट काढलाय. त्याने ते बाबांना दाखवलं, मग आजीला व्हिडिओ कॉलवर. वही आता कपाटात नसते.

धाकटीच्या खात्याला तिने स्वतः चित्र निवडलं, सुगरणीचं घरटं. हजेरीत तिचं नाव आलं त्या दिवशी ती "हजर" इतक्या मोठ्याने म्हणाली की बाई हसल्या. 'टिलीमिली' लागते तेव्हा मी शेजारी बसून काजं करते, आवाज न होणारं काम.

सहाचा संदेश आला की मी तो मापांच्या वहीत उतरवते आणि झालं त्यापुढे मुलं खूण करतात. उद्या इतिहासाची चाचणी आहे, दहा वाजता. मिस्टरांना सुट्टी आहे, त्यामुळे चांगला फोन घरीच राहणार.