ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याने फ्लाइट सिम्युलेटर खरोखर सुधारतो का?

माळव्याचा वारा, इंदूर

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या सिम्युलेटरप्रेमींमध्ये एकच प्रश्न पुन्हापुन्हा निघतो : विंडोज ११ टाकली तर संगणकावर विमान उडवण्याचा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा खेळ अधिक सुरळीत चालेल का? मागच्या आठवड्यात जेल रोडवरच्या एका दुकानात माझ्यासमोर एका कॉलेजच्या मुलाला, अकरा टाकून घेतली की सिम्युलेटर पळायला लागेल, असे सांगितले गेले आणि त्याने त्यासाठी पैसेही मोजले. ज्याच्याकडे विंडोज १० चा वैध परवाना आणि पात्र संगणक आहे, त्याला ११ वर जाणे मुळात विनामूल्य आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. मला त्याचे फार वाईट वाटले, म्हणून हा धागा काढला आहे.

माझे मत असे की, सुरक्षेसाठी हा बदल जरूर करावा. पण फ्रेम, म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला उमटणारी चित्रे, वाढतील या आशेने करू नये. हिशेब साधा आहे. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद. त्यातला समजा एक पूर्ण मिलिसेकंद ऑपरेटिंग सिस्टीमच्या कारभारात जात होता आणि नव्या आवृत्तीने तो शून्यावर आणला असे धरले, तरी ३० च्या ३१ फ्रेम होतात. उरलेले ३२ मिलिसेकंद सिम्युलेटरचे स्वतःचे काम आहे, आणि ते खाली कोणती विंडोज आहे याने कमी होत नाही.

मी हे करून पाहिले आहे. इंदूरच्या विमानतळावरून, म्हणजे व्हीएआयडीवरून, मुंबईच्या व्हीएबीबीपर्यंतचे एकच उड्डाण, तेच विमान, आकाश निरभ्र, घड्याळ दुपारच्या एकाच वेळेला लावलेले आणि इतर विमानांची थेट वाहतूक बंद. सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमधील फ्रेम मोजणारी चौकट मी दोन्ही वेळा उघडी ठेवली होती. मुंबईत उतरताना, जिथे इमारतींची गर्दी सुरू होते तिथे, दोन्ही विंडोजवर त्या चौकटीत 'लिमिटेड बाय मेन थ्रेड' (म्हणजे वेग मुख्य थ्रेडमुळे, प्रोसेसरवर एकामागून एक चालणाऱ्या मुख्य कामांच्या साखळीमुळे, अडला आहे) हीच ओळ आली आणि फरक एक-दोन फ्रेमचा राहिला. तेवढा फरक तर एकाच विंडोजवर दोनदा उडालो तरी पडतो. विमानाची गती, उपकरणे, देखावे आणि वाहतूक या साऱ्यांचा मेळ बराचसा त्या एका मुख्य थ्रेडमध्ये बसवला जातो. पंगतीत वाढपी आठ असले तरी स्वयंपाकघरातून भांडी भरून देणारा माणूस एकच असेल, तर पंगत त्याच्याच वेगाने पुढे सरकते. तसे हे आहे. त्या माणसाचा हात जलद व्हायचा असेल तर प्रोसेसर बदलावा लागतो. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरचे सिम्युलेटरवाल्यांमध्ये एवढे नाव झाले, ते त्यावरच्या ९६ मेगाबाइट एल३ कॅशमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जलद स्मृतीमुळे.

सुदामानगरकर, इंदूर

आपल्या मताशी मी सहमत नाही, आणि माझे कारण अनुभवाचे आहे. माझ्याकडे इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर आहे. २०२१ च्या अखेरीस आलेल्या या पिढीपासून एकाच चिपवर दोन प्रकारचे गाभे (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) येऊ लागले : काही जोरकस, काही कमी विजेवर चालणारे. कोणते काम कोणत्या गाभ्याकडे द्यावे याची सूचना थ्रेड डायरेक्टर नावाची यंत्रणा ऑपरेटिंग सिस्टीमला देत असते, आणि त्या सूचना नीट वाचणारा कार्यक्रम-नियोजक विंडोज ११ बरोबर आला. आपणच म्हणता की सारे एका मुख्य थ्रेडवर अडते. मग तो थ्रेड चुकून धिम्या गाभ्यावर जाऊ नये हे पाहणे कोणाचे काम आहे? ते ऑपरेटिंग सिस्टीमचेच काम आहे.

विंडोज १० वर असताना धावपट्टीच्या शेवटच्या दोन-तीन मैलांत मला झटके बसत असत. चित्र क्षणभर थांबे आणि विमान एकदम पुढे उडी मारे. नेमके फ्लेअर करण्याच्या, म्हणजे टेकण्याआधी विमानाचे नाक किंचित उचलण्याच्या वेळी असे झाले की उतरणे बिघडे. विंडोज ११ टाकल्यावर ते झटके गेले. फ्रेमचा सरासरी आकडा जवळपास तोच राहिला, हे मी मान्य करतो. पण उतरताना हाताला जे जाणवते ते सरासरीत दिसत नाही. शिवाय २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ११ च्या २३एच२ आवृत्तीला एएमडीच्या प्रोसेसरांसाठी ब्रँच प्रेडिक्शनची, म्हणजे पुढची सूचना कोणती येईल याचा प्रोसेसर आधीच जो अंदाज बांधतो त्याची, सुधारणा मिळाली. अशा सुधारणा यापुढे विंडोज ११ लाच मिळणार आहेत. म्हणून बदलाने काही होत नाही, असे सरसकट सांगणे मला योग्य वाटत नाही.

किल्ल्याखालचा, ग्वाल्हेर

सुदामानगरकर यांना एक प्रश्न विचारतो : आपण विंडोज १० वरूनच वर चढलात, की डिस्क फॉरमॅट मारून नव्याने टाकलीत? सगळा वाद इथे येऊन ठरतो, असे मला वाटते. तीन-चार वर्षे वापरलेल्या संगणकावर प्रिंटरचे, जुन्या जॉयस्टिकचे, ग्राफिक कार्डाच्या तीन-तीन ड्रायव्हरांचे अवशेष साठलेले असतात. संगणक सुरू होताच दहा-बारा कार्यक्रम आपोआप जागे होतात. सिम्युलेटरच्या कम्युनिटी फोल्डरमध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेले अॅड-ऑन जिथे ठेवतात तिथे, कधीतरी उतरवलेले आणि विसरलेले विमानतळ पडलेले असतात. फॉरमॅट मारला की हे सारे एका झटक्यात जाते, आणि श्रेय मात्र नव्या विंडोजला मिळते. मी २०२३ मध्ये विंडोज १० काढून पुन्हा विंडोज १० च टाकली होती, आणि तेव्हाही मला 'नवा संगणक' मिळाल्यासारखे वाटले होते.

दुसरी गोष्ट ऋतूची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्या दिवसांत प्रोसेसर तापला की स्वतःच आपला वेग उतरवतो. ज्याने जुन्या विंडोजचे आकडे मेमध्ये घेतले आणि नव्या विंडोजचे डिसेंबरमध्ये, त्याने विंडोज मोजली की थंडी? माळव्याचा वारा यांनी उड्डाणाच्या सगळ्या अटी सांगितल्या, पण खोलीचे तापमान सांगितले नाही. तेही लिहावे.

मात्र ऑपरेटिंग सिस्टीमने कधीच फरक पडला नाही, असे मी म्हणणार नाही. २००६ मध्ये आलेला फ्लाइट सिम्युलेटर एक्स हा ३२ बिटांचा होता. ३२ बिटांच्या विंडोजवर एका कार्यक्रमाला साधारण २ गिगाबाइट स्मृतीचा पत्ता मिळे; ६४ बिटांच्या विंडोजवर तोच सिम्युलेटर ४ गिगाबाइटपर्यंत जाऊ शके. मोठे विमान, भारी विमानतळ आणि ढगाळ हवामान एकत्र आले की स्मृती संपल्याचा संदेश येऊन तासाभराचे उड्डाण शेवटच्या वळणावर कोसळायचे, हे त्या काळात उडणाऱ्यांना आठवत असेल. तिथे ६४ बिटांवर जाणे हा खरा उपाय होता. पण तो कोसळण्यावरचा उपाय होता, वेगावरचा नव्हे.

आणि नवे ते वेगवान असेही नाही. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हा एएमडीच्या प्रोसेसरांवर एल३ कॅश धिमी पडली होती. काही खेळांत १० ते १५ टक्के फटका बसू शकतो, असे एएमडीनेच तेव्हा जाहीर केले, आणि दुरुस्ती त्याच महिन्यात आली. आजही नव्या संगणकांवर मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा-सोय बहुधा चालू असते आणि ती खेळांचा वेग थोडा खाते. ती बंद करून पाहता येते, असे मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये खेळणाऱ्यांना सांगितले आहे. बंद केल्याने संरक्षण कमी होते, हे मात्र लक्षात ठेवावे.

सयाजीबाग, बडोदे

आपण तिघेही पडद्यावर उडता, म्हणून एक मोठी बाब राहून गेली. जे डोळ्यांवर व्हीआर हेडसेट लावून उडतात, त्यांच्यापैकी अनेकांकडे विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी या विंडोजमधल्या व्हीआर-सोयीवर चालणारी यंत्रे आहेत. एचपीचा रिव्हर्ब जी२ त्यांतलाच. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती सोयच काढून टाकली गेली आहे. अशा माणसाने केवळ वेगासाठी वर चढायचे ठरवले, तर त्याचा महागडा हेडसेट एका रात्रीत निरुपयोगी ठरू शकतो. फ्रेम दोनने वाढल्या की तीनने, हा प्रश्नच मग उरत नाही.

ज्या सोयींसाठी लोक विंडोज ११ आवश्यक मानतात, त्यांतल्या बऱ्याच विंडोज १० वरही चालतात. खेळांना ग्राफिक कार्डाशी जोडणारे डायरेक्टएक्स १२ चालते. ग्राफिक कार्डाला स्वतःच्या कामांची रांग लावू देणारी हार्डवेअर शेड्युलिंगची सोय २०२० च्या मे महिन्यातील विंडोज १० मध्येच आली होती. कृपया आधी ती सेटिंग तपासावी.

सुदामानगरकर, इंदूर

किल्ल्याखालचा यांचा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर खरे देतो : मी फॉरमॅट मारूनच विंडोज ११ टाकली होती. तेव्हा झटके कशामुळे गेले हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण माझा मुद्दा पूर्ण मोडत नाही. दोन प्रकारच्या गाभ्यांचा प्रोसेसर ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी विंडोज १० ही जुनी झालेली जोडी आहे. आणि माळव्याचा वारा यांनी ज्या संगणकावर मोजले, त्याचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा होता, हे त्यांनी सांगितलेले नाही.

माळव्याचा वारा, इंदूर

माझा प्रोसेसर नवव्या पिढीचा आहे, म्हणजे सारे गाभे एकसारखे. ही बाब मी सुरुवातीलाच लिहायला हवी होती, आणि माझे निष्कर्ष त्याच जातीच्या संगणकांपुरते आहेत हे मान्य करतो. खोलीचे तापमानही नोंदले नव्हते; दोन्ही मोजण्या एकाच आठवड्यात, रात्री जेवणानंतर घेतल्या होत्या, एवढे मात्र आठवते.

सुदामानगरकर, आपण जवळच राहता. माझ्याकडे एक मोकळी एसएसडी आहे. आपली सध्याची डिस्क तशीच ठेवून या एसएसडीवर स्वच्छ विंडोज १० टाकू, तेच ड्रायव्हर आणि तेवढेच अॅड-ऑन ठेवू, आणि आपल्याच संगणकावर व्हीएआयडी ते व्हीएबीबी हेच उड्डाण करू. विंडोज ११ चे उड्डाणही त्याच रात्री, एकदा मेमरी इंटिग्रिटी चालू ठेवून आणि एकदा बंद करून घेऊ. शेवटच्या तीन मैलांतला प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवू, म्हणजे झटका सरासरीत लपणार नाही. झटके विंडोज १० वर परत आले, तर मी या धाग्यातले माझे पहिले विधान बदलीन.

त्या कॉलेजच्या मुलाचा मी नंतर पत्ता काढला आणि त्याचा लॅपटॉप पाहिला. त्यात ८ गिगाबाइट रॅम आहे. २०२० च्या सिम्युलेटरला ती किमान अट आहे, १६ ची शिफारस आहे. २०२४ च्या आवृत्तीला तर किमानच १६ लागते. विंडोज ११ टाकूनही त्याचा सिम्युलेटर पूर्वीसारखाच अडत होता, कारण टास्क मॅनेजरमध्ये स्मृतीची रेघ वर छताला टेकलेली होती. लॅपटॉपच्या पाठीमागे एक रिकामा स्लॉट आहे. रविवारी त्यात ८ ची आणखी एक पट्टी बसवतो आहोत.